पाच खोल्यांचे घर

वस्तीला घरांची गरज किती, हे पाहून अहवाल लिहिणे हा माझा व्यवसाय. रत्नागिरीच्या आतल्या गावांत मी पुष्कळ घरे पाहिली आणि त्यांतले एक चुकीचे लिहिले. ती चूक अजाणता झाली, असे मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. तसे नव्हते.

घर चिरेबंदी, पाच खोल्यांचे. चार खोल्या मुंबईत राहणाऱ्या चार भावांच्या. प्रत्येक खोलीला कुलूप, ते गणपतीला आणि शिमग्याला उघडायचे. पाचवी देवाची. वारलेल्या पाचव्या, सर्वांत धाकट्या भावाची बायको पुढच्या पडवीत राहत होती. तिथेच तिची चूल, वळकटी आणि पावसाच्या बाजूला बांधलेली ताडपत्री.

मी गेलो तेव्हा शिमग्याला आलेली मोठी जाऊ घरापुढच्या खळ्यात बसली होती. खोल्या किती, असे विचारताच तीच म्हणाली, "पाच लिहा, साहेब. एवढ्या घरात एकटी राणीसारखी राहते ही!"

"राणीच तर! कुलपांवर राज्य हाय माझं," धाकटी म्हणाली. दोघी हसल्या. मीही हसलो आणि लिहिले: पक्के घर, खोल्या पाच, गरज नाही.

ज्याची चूल वेगळी ते कुटुंब वेगळे मानायचे, हे नव्या सर्वेक्षकांना मीच शिकवतो. घरातल्या माणसांसमोर घरातले विचारू नये, हेही मीच सांगतो. जाऊ मुंबईला परतल्यावर पुन्हा जाऊन तिला एकटीला विचारणे माझे काम होते. मी टाळले. आमच्या गावच्या घरात माझ्याही खोलीला कुलूप आहे आणि चुलतभावाची मुले बाहेर निजतात. तिचे उत्तर ऐकण्याची माझी तयारी नव्हती.

घरकुलाच्या यादीत तिचे नाव आले नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या कामासाठी त्याच वाडीत गेलो, तेव्हा तिने मला ओळखले.

"साहेब, तवा मी हसले, म्हनून नाव ऱ्हायलं का ओ?"

"नाही, ताई. मी चुकीचं लिहिलं."

"मग आता नीट लिवा की."

पडवीच्या कडेला बसून मी साध्या कागदावर तिचा अर्ज लिहिला: चूल वेगळी, राहणे उघड्या पडवीत, खोल्या इतरांच्या व कुलूपबंद. तिला वाचून दाखवले.

"कुलपांचं काढा. जाऊबाईंना कमीपणा येईल."

"ते काढलं तर अर्जात काही उरत नाही."

"तरी काढा."

मी ते खोडले आणि सही केली. कचेरीत कागद घेतला गेला. विचार पुढच्या सर्वेक्षणात होईल, असे उत्तर मिळाले. ते सर्वेक्षण केव्हा, हे कोणालाच सांगता आले नाही. तिला एवढे तरी जाऊन सांगायला हवे. त्यानंतर दोनदा त्या वाडीवरून गेलो. गाडी थांबवली नाही.