आईच्या बॅगेतल्या चार पुंगळ्या

गेल्या वर्षी एका शनिवारी सकाळी सिंगापूरच्या विमानतळावर माझ्या आईच्या बॅगेत काडतुसांच्या चार रिकाम्या पुंगळ्या सापडल्या. आई तेव्हा एकाहत्तर वर्षांची होती. पुंगळ्या मी मागवल्या होत्या.

त्या माझ्या भावाच्या. तो अमेरिकेत राहतो, रविवारी नेमबाजीच्या रेंजवर जातो आणि झाडलेल्या काडतुसांची पितळी कवचं गोळा करून घरी पुन्हा भरतो. तिथे हा कायदेशीर छंद आहे. काडतूस झाडलं की पुंगळी किंचित फुगते. तिला वंगण लावून डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबली की ती मूळ मापाला येते. भावाच्या पुंगळ्या मापाला येत होत्या. पण खांद्यावर, जिथे पुंगळी निमुळती होते तिथे, पोचे पडत होते. त्याने दाबायच्या प्रेसचा दांडा हळू ओढून पाहिला, वंगण बदलून पाहिलं. फरक पडला नाही.

बाबांनी पुण्यात एका कारखान्याच्या टूलरूममध्ये तेहतीस वर्षं डाय बनवल्या. त्या महिन्यात ते माझ्याकडे सिंगापूरला, बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये होते आणि आई भावाकडे, नात झाली म्हणून. भावाने फोटो पाठवले. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फोन डोळ्यांजवळ धरला.

"त्याला विचार, तेल किती लावतो," ते म्हणाले.

"फोटोवरून अंदाज नकोत, बाबा. वस्तूच मागवू. आई येतेच आहे पुढच्या आठवड्यात."

मी पुण्यात अकरा वर्षं वर्तमानपत्रात काढली आहेत. झेरॉक्सवर बातमी करायची नाही, मूळ कागद पाहायचा, अशी तिथे शिस्त होती. आता चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेचे अहवाल तपासते; तिथेही तेच करते. त्या रात्री जेवणाआधी मी भावाला फोन केला.

"आईबरोबर चार पाठव. वेगवेगळे पोचे असलेल्या."

"चालतं ना तुमच्याकडे?"

"रिकाम्याच आहेत ना? मग नुसतं पितळ आहे ते."

हे मी तपासलेलं नव्हतं. सिंगापूरमध्ये परवान्याशिवाय रिकामी पुंगळीही बाळगता येत नाही. इथे सक्तीची लष्करी सेवा केलेल्या कुणालाही हे माहीत असतं, कारण सरावानंतर त्यांना पुंगळ्या मोजून परत द्याव्या लागतात. ऑफिसात माझ्या रांगेत असे तिघे बसतात. मी विचारलं नाही. त्याच आठवड्यात एका सहकाऱ्याचा अहवाल मी एक आकडा पडताळलेला नाही म्हणून परत पाठवला होता.

भावाने पुंगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईला दिल्या. त्या काजळीने काळ्या होत्या. आई कुठेही गेली तरी देवाची पितळी भांडी बरोबर नेते: ताम्हन, निरांजन, छोटी घंटा. निघायच्या आदल्या दिवशी तिने ती चिंच-मिठाने घासली आणि त्याच हाताने पुंगळ्याही घासल्या. मग सगळं एकाच टॉवेलात बांधलं. पितळेचं पितळेत.

विमानतळावरच्या खोलीत मला बोलावलं तेव्हा टॉवेल टेबलावर उलगडलेला होता. पुंगळ्या ताम्हनाइतक्याच लखलखीत होत्या. आईला इंग्रजी जमत नव्हतं आणि समोरच्या अधिकारी बाईंना मराठी-हिंदी येत नव्हतं. रीतसर जबाब दुभाष्यासमोर होईल, तोवर काही प्रश्न तुम्हीच विचारून सांगा, असं त्या मला म्हणाल्या. मग त्यांनी पाण्याची बाटली आईसमोर सरकवली.

"आंटी, ड्रिंक फर्स्ट, ओके?"

"काय म्हणतायत?" आईने मला विचारलं.

"आधी पाणी पी म्हणतायत."

"आधी विचारा म्हणावं काय ते. पाणी काय पळून जातंय."

बाईंनी विचारलं, या कुणी आणायला सांगितल्या होत्या का. मी प्रश्न शब्दशः मराठीत विचारला. आईने माझ्याकडे पाहिलं.

"तुझ्या इथल्या नोकरीच्या पासचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे ना गं?"

"आई, त्या काय विचारतायत त्याचं उत्तर दे."

"तेच देतेय. सांग, कुणी नाही सांगितल्या. भांड्यांबरोबर घासल्या नि भांड्यांबरोबर बांधल्या गेल्या. आणि तोंड असं करू नकोस. त्यांना वाटेल, मी तोफ आणलीय."

मी इंग्रजीत सांगितलं की तिला कुणी सांगितलं नव्हतं, पुंगळ्या पूजेच्या भांड्यांबरोबर बांधल्या गेल्या. भाषांतर अचूक होतं.

"दॅट्स ऑल शी सेड?" बाईंनी विचारलं. आई बोलली होती त्या मानाने माझं उत्तर लहान होतं.

मी हो म्हणाले.

दुपारी दुभाषा फोनवर आला. आईने त्यालाही तेच सांगितलं. मी तेव्हा बाहेरच्या बाकावर होते. दार उघडून आत जाता आलं असतं. पुंगळ्या जप्त झाल्या, भांडी परत मिळाली. निर्णय होईपर्यंत आईचा पासपोर्ट पोलिसांकडे राहणार होता. टॅक्सीत ती म्हणाली, "बाबांना लगेच सांगू नकोस. आधी जेवू देत."

संध्याकाळी बाबांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आईला झोपायला पाठवलं आणि भावाला फोन लावला. तिकडे सकाळ होती.

"तेल कसं लावतोस?"

"स्प्रे मारतो, बाबा. चांगल्या ओल्या करतो, डायमध्ये अडकू नयेत म्हणून."

"अंघोळ घालतोस होय? बोटाला जेमतेम लागेल एवढंच लावायचं. तेल दाबलं जात नाही, पितळ दाबलं जातं. जास्तीचं तेल खांद्याशी साठतं, त्याला जायला जागा नसते, मग पितळ आत जातं. डायच्या अंगाला बारीक भोक आहे का बघ."

"आहे."

"सुई घाल."

भोक चिकट मळाने बुजलेलं होतं. भावाने डाय पुसली, सुईने भोक मोकळं केलं, तेल कमी केलं. पाऊण तासाने त्याचा फोन आला. वीस पुंगळ्या दाबल्या होत्या, एकीलाही पोचा नव्हता.

"तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?" तो हसत म्हणाला. "आणि आई पोचली ना नीट?"

"पोचली. झोपलीय," बाबा म्हणाले. त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. भावाला मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. पोलिसांना मी लिहितो, असं तो म्हणाला. थांब, मी बघते, असं मी म्हणाले.

आईला दोन आठवड्यांनी पुण्याला जायचं होतं. मोठ्या मावशीचं सहस्रचंद्रदर्शन होतं आणि ओवाळायला पहिला मान आईचा होता. पासपोर्ट मिळाला नाही. मावशीला सांगितलं की आईचा गुडघा दुखावलाय. मावशीने व्हिडिओ कॉलवर दोनदा गुडघ्याची चौकशी केली. आईने विमानात कसं अवघडायला होतं ते सविस्तर सांगितलं, कोणतं तेल चोळते तेही सांगितलं. फोन संपल्यावर ती मला म्हणाली, "बघ, माझ्या गुडघ्याचीपण बातमी छापण्यासारखी झाली." मी हसले नाही.

त्या पाच आठवड्यांत मी अधिकारी बाईंना दोन ईमेल लिहिल्या. पहिलीत तीन वाक्यं होती. दुसरीत एकच होतं: पुंगळ्या आणायला मी सांगितलं होतं. ती लिहिताना आई शेजारी भाजी निवडत बसली होती. तिने काय लिहितेस म्हणून विचारलं, मी ऑफिसचं आहे म्हणाले. दोन्ही पाठवल्या नाहीत. चौथ्या आठवड्यात माझ्या पासचं नूतनीकरण झालं. त्यानंतरही पाठवल्या नाहीत.

पाचव्या आठवड्यात आईला बोलावून लेखी ताकीद दिली. खटला भरला नाही, पासपोर्ट परत केला. कागदाची प्रत माझ्याकडे आहे. वस्तू प्रवाशाने स्वतःहून आणली, अन्य कुणाच्या सांगण्यावरून नाही, असं त्यात नोंदवलं आहे. खाली आईची मराठीत सही आहे.