सत्काराची शाल आणि थरथरलेला ग्लास

कपाटातून सत्काराची शाल काढली. डांबरगोळ्यांचा वास आला आणि मी लातूरच्या त्या मंचावर पोचले.

भूकंपाला काही वर्षं झाली होती. चाकूरची पोरगी विमान चालवते, असं पेपरात छापून आलं आणि जो तो मला शाल पांघरवू लागला. त्या दिवशी सत्कार ठेवलेल्या कोचिंग क्लासचे सर माइक देताना कानाशी म्हणाले, "सांगा, मी इथंच शिकले म्हणून." मी त्या क्लासची पायरीही चढले नव्हते. समोर खच्चून भरलेली पोरं, पहिल्या रांगेत आई. मी माइक तोंडाशी नेला.

तेवढ्यात टेबलावरचा पाण्याचा ग्लास थरथरला. "भाईर पळा!" कुणीतरी ओरडलं. दीपप्रज्वलनाला काढलेल्या चपला तशाच टाकून सगळ्यांच्या पुढं मीच पळाले.

मागच्या रस्त्यानं उसाचा ट्रक गेला होता, एवढंच. सर दारातून हाका मारत राहिले, पण छपराखाली परत कुणी जाईना. खोटं बोलायची वेळ टळली; त्या ट्रकनंच माझी लाज राखली, असं आता वाटतं.

घरी येताना आई म्हणाली, "इमानात भ्या वाटत न्हाई, अन् हितं पळालीस?"

"तिथं खाली जमीन नसते, आई."