मेहुण्याचे दोन पाय

मुरुडला माझ्या मेहुण्याने लॉज काढला. बोर्डावर त्याला रेशमासारखा समुद्र हवा होता आणि पुढे मालक म्हणून स्वतः. मी त्याला हाफ पँटमध्ये खडकावर उभं केलं, "हलू नकोस" म्हणालो, एका जागेवरून चाळीस फोटो काढले आणि कॉम्प्युटरवर एकात एक मिसळले. लाटा सायीसारख्या मऊ झाल्या. पण किनाऱ्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला मेहुण्याने वाकून, हात हलवून "काय, बरं हाय ना?" विचारलं होतं. त्यामुळे कमरेच्या वर नुसती वाफ!

"भावोजी, मी कुठाय?"

"दादा, पाय छान आलेत," बायकोने समजूत घातली.

दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाइकं येणार होती, म्हणून बोर्ड तसाच लागला. आता कुणीही आलं की मेहुणा आधी लुंगी वर करून ओळख पटवतो.