भाऊजींचा आवाज

माझे धाकटे दीर इथल्या रेडिओ स्टेशनवर बावीस वर्षं फर्माइशी लावत. पत्र स्वतः वाचल्याशिवाय गाणं लावायचं नाही, हा त्यांचा हट्ट. नव्या मालकांनी त्यांना घरी बसवलं, जुनी रेकॉर्डिंग्ज मात्र ठेवून घेतली. काल आमच्याकडे चहा पिताना त्यांनी रेडिओवर स्वतःलाच ऐकलं, "तुमची पत्रं वाचतोय बरं का!"

कप तसाच ठेवून ते तडक स्टेशनवर गेले. पत्रं कचऱ्याच्या डब्यात होती, न फोडलेली, चहाच्या ओल्या चोथ्याने बरबटलेली.

"काका, हल्ली पत्रं कोण वाचतं?" मॅनेजर हसला.

भाऊजी डबाच उचलून घेऊन आले. "वहिनी, माझ्याच आवाजाची शिसारी आली हो!"

मी रेडिओ बंद केला. आता ओट्यावर पत्रं वाळताहेत आणि भाऊजी एकेकाला उत्तर लिहिताहेत.