एकसष्ट टॅब आणि दुपारचे चार

मी एका सरकारी खात्यात एकतीस वर्षं कारकून होतो आणि एवढ्या वर्षांत स्वतःहून एकही फाइल बंद केली नाही. हे मी अभिमानाने सांगत असे. फाइल बंद करणाऱ्याची सही तिच्यावर कायमची राहते आणि उद्या काही निघालं तर त्यालाच बोलावणं येतं. प्रलंबित ठेवणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. निवृत्त होऊन चारकोपच्या घरात बसलो तेव्हा ही अक्कल मी बरोबरच घेऊन आलो, आणि तिचा फटका बसला माझ्या आईला.

आमच्या हॉलच्या कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर आहे. त्याच्या डब्याला, मॉनिटरला आणि कीबोर्डला बायकोने झालर लावून एकाच कापडाची कव्हरं शिवली आहेत. दसऱ्याला त्याची पूजा होते. आई डब्यावर हळदकुंकू वाहते, अक्षता टाकते, झेंडूचं फूल ठेवते आणि वर्षभर त्याने नीट चालावं अशी अपेक्षा धरते. माझीही तीच अपेक्षा होती. फक्त मी कधी फूल वाहिलं नाही.

आईला ब्याऐंशीवं चालू आहे. तिच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला मधोमध डाग पडलाय. मोबाइलवरचं चित्र म्हणजे तिला नुसता उजेड, आणि आमच्या घरातले फोन तसेही साधे, बटणांचे. मॉनिटरला जवळजवळ नाक लावून बसली तर थोडंफार दिसतं. तिची मोठी बहीण, म्हणजे माझी मावशी, कोकणात गावी असते आणि तिला ठार ऐकू येत नाही.

दोघी तरुणपणी याच शहरात कापडगिरणीत होत्या, सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात. त्या खडखडाटात शेजारणीचं ओरडणंही कानापर्यंत पोचत नसे, म्हणून तिथल्या बायका आवाज न काढता ओठांवर बोलत आणि ओठांवरून ऐकत. लांबच्या बाईसाठी हाताच्या खुणा. गिरणी गेली, मावशी गावी गेली, हळूहळू तिचे कानही गेले. ओठ वाचायची सवय मात्र राहिली. त्यामुळे या दोघींचा व्हिडिओ कॉल असा असतो की तिकडून मावशी वाडी गोळा होईल इतक्या मोठ्याने बोलते आणि इकडे आई नुसते ओठ हलवते. पहिल्या दिवशी मला वाटलं, आमचा माइक गेला. मी अर्धा तास माइक दुरुस्त करत होतो आणि आई माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत होती.

कॉलची वेळ दुपारी चार. तिकडे मावशीची सून गुरांचं बघायला जाण्याआधी फोन तांदळाच्या डब्याला टेकवून मावशीपुढे ठेवते. वीसेक मिनिटं मिळतात. आई साडेतीनलाच वेणी घालून, पावडर लावून कॉम्प्युटरसमोर बसते. दिवसभरात ती मनापासून बोलते ते एवढंच. आमच्याशी ती बोलते म्हणजे गोळी घेतली, भाजी खारट झाली, पंखा कमी कर.

गेल्या वर्षी हा कॉल अडकायला लागला. ब्राउझर उघडला की कॉम्प्युटरचा पंखा घरघरायचा. कॉल लागायचा, मावशी ओरडायची, "गो बाय, काय जेवलंस?" आई ओठ हलवायला लागायची आणि पाचव्या मिनिटाला सगळं ठप्प. माउस हलत नाही, आवाज नाही, मावशी तोंड अर्धवट उघडं ठेवून पडद्यावर चिकटलेली. आई तशीच नाक लावून तिच्याकडे बघत बसायची. मला ते बघवायचं नाही. मी धावत जाऊन बटण दाबायचो. "थांब रे जरा, दाबू नको," असं ती बरेचदा म्हणायची. मला वाटायचं, म्हातारी यंत्राला घाबरते. पुन्हा सुरू व्हायला त्याला पंधरा मिनिटं लागत आणि तोवर तिकडची सून गोठ्यात गेलेली असे.

मग मी रीतसर प्रकरण हाती घेतलं. खरीखुरी पुठ्ठ्याची फाइल आणली, वर विषय लिहिला: ‘ब्राउझर अडकून संगणक बंद पडणेबाबत.’ आत रोजची टिप्पणी लिहायला सुरुवात केली. बायको म्हणाली, "अहो, नवीन घ्या ना यार! किती वर्षं याला झालरी लावू मी?" मी तिला समजावलं की वस्तू निकाली काढण्याआधी तिची चौकशी व्हावी लागते. तिने कपाळाला हात लावला. टिप्पणीत मी लिहिलं, ‘कुटुंबीयांचे मत विचारात घेतले.’

सोसायटीच्या सेक्रेटरींना बोलावलं. ते बँकेतून निवृत्त झालेले असल्यामुळे त्यांना कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, असं त्यांचं मत आहे. ते आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "तुम्ही रिफ्रेश मारत नाही, तिथे वाट लागते." त्यांनी मोकळ्या जागेवर उजवं बटण दाबून रिफ्रेश मारला. पुन्हा मारला. पडद्यावरची चित्रं एकदा लुकलुकली आणि होती तिथेच राहिली. "बघा, कसा मोकळा झाला!" असं म्हणून ते जप केल्यासारखे मारतच सुटले. त्या दिवशी कॉल चौथ्याच मिनिटाला अडकला. त्यांना कळवलं तर म्हणाले, कमी वेळा मारला असेल.

त्यानंतर मी कोणावर अवलंबून राहिलो नाही. रोज सकाळी आंघोळ करून बसायचं आणि त्याच ब्राउझरमध्ये शोधायचं, ब्राउझर का अडकतो. उपायांना तोटा नव्हता. कोणी म्हणे साठवलेला कचरा पुसा, कोणी म्हणे हे पुसू नका, ते पुसा. एक गृहस्थ पडद्यामागून इतक्या प्रेमाने समजावत होते की त्यांचा व्हिडिओ मी तीनदा पाहिला. शेवटी त्यांनी स्वतःचंच काहीतरी बसवायला सांगितलं. ते बसवलं की ब्राउझर वाऱ्यासारखा धावतो म्हणे. मी बसवलं. धावला नाही, म्हणून दुसऱ्याचं बसवलं, मग तिसऱ्याचं. जो उपाय वाचून झाला त्याचा टॅब मी बंद करत नसे, कारण उद्या लागला तर? सेवानिवृत्त असलो तरी मी माणूस तोच होतो. बरं, ब्राउझरमध्ये एक सोय मला फार आवडली होती: काल जिथे सोडलं तिथूनच आज सुरू. जणू शिपायाने माझ्या टेबलावर कालच्या फायली जशाच्या तशा मांडून ठेवल्यात. असा ब्राउझर बनवणारा माणूस नक्की आमच्याच खात्यातला असणार.

दोष कोणाचा, हेही मी फाइलवर घेत होतो. पहिला संशय आईच्या अक्षतांवर. दुसरा बायकोच्या झालरीवर. आईला मी सुनावलंसुद्धा, "दसऱ्याला तांदूळ टाकतेस ते आत जातात. म्हणून बंद पडतो." तिचे नुसते ओठ हलले. मला ते वाचता येत नाहीत, हे बरंच आहे.

आणि मग एका सकाळी गावाहून मावशीच्या सुनेचा फोन आला. "भावजी, तिकडे सगळी बरी असत मा? सासूबाय दोन दिस जेवूक नाय. माझ्या भणीक काय झाला ता सांगा, म्हणून हट्ट धरून बसल्यात." झालं होतं असं की दोन दिवसांपूर्वी कॉल अडकला तेव्हा तिकडे मावशीच्या फोनवर आई मान कलती आणि तोंड उघडं, अशी थिजली होती. मावशीने ओरडून ओरडून हाका मारल्या. मी इकडे बटण दाबलं आणि आई नाहीशी झाली. पुढच्या दिवशी कॉल लागलाच नाही. मावशीची खात्री पटली की बहीण बोलता बोलता जागच्या जागी गेली आणि सगळे तिच्यापासून लपवतायत. आई ठणठणीत आहे, हे सुनेने तिला हातवारे करून सांगितलं, पण मावशीचा तिच्यावर विश्वास नव्हता. फोनवर आईचा आवाज ऐकवून उपयोग नव्हता. तिला आईचे ओठ हलताना दिसायला हवे होते.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शहाऐंशी वर्षांची बाई तिकडे उपाशी बसलीय आणि इकडे माझ्या फाइलवर ‘चौकशी चालू’. फाइल टेबलावर टाकली, कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळला आणि तो मांडीवर घेऊन रिक्षाने चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गेलो.

तिथे गाळ्यात एक बाई कॉम्प्युटर दुरुस्त करतात. पन्नाशीच्या, गळ्यात क्रूस, जवळच्याच जुन्या गावठाणातल्या. त्यांनी आधी डबा उघडला, ब्रशने धूळ झाडली आणि पंख्याखालून तांदळाचे चार पिवळे दाणे काढून माझ्या तळहातावर ठेवले. मी विजयी मुद्रेने म्हणालो, "बघा! मी सांगत होतो."

"यानं काय होत नाय, काका," त्या म्हणाल्या आणि डबा त्यांच्या मॉनिटरला जोडून ब्राउझर उघडला. पंखा घरघरायला लागला. वरच्या पट्टीत टॅब उगवू लागले. उगवतच राहिले, इतके की एकेकाला नखाएवढीसुद्धा जागा उरली नाही. बाई मोजायला लागल्या. एकसष्ट झाले.

"हे काय करून ठेवलंय?"

"प्रलंबित आहेत," मी म्हणालो.

त्यांनी एकेक उघडून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. ‘ब्राउझर अडकल्यास काय करावे.’ ‘जुना संगणक वेगवान करण्याचे उपाय.’ ‘ब्राउझर का अडकतो, भाग दोन.’ बाजूला कोणी प्रिंटर घेऊन उभा होता तो हसायला लागला. "काका, हा अडकतो कशानं माहितीय?" बाई म्हणाल्या. "तुम्ही याला रोज विचारता, तू का अडकतोस, म्हणून. जुनी मशीन आहे ना, आधी धुळीनंच दमलेली. एवढं पेलत नाय तिला. आणि हे तीन-तीन कोणी घातले, वेगवान करणारे? तेच सगळं खातायत." त्यांनी विचारलं, यातलं काय ठेवायचं? एकतीस वर्षांत मला हा प्रश्न कोणी केला नव्हता. म्हणालो, काही नको. त्यांनी ते सगळं बंद केलं, वेगवान करणारे तिन्ही काढले आणि काल जिथे सोडलं तिथून सुरू व्हायची सोयही काढली. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील.

त्या दुपारी चारला कॉल लागला. मावशीने आईला पाहिलं आणि आधी भोकाड पसरलं, मग शिव्या घातल्या, मग सुनेकडे पेज मागितली आणि आमच्यासमोर वाडगाभर जेवली. आईचे ओठ वीस मिनिटं थांबले नाहीत. बायकोने डोळे पुसले. मी फाइलवर शेवटची टिप्पणी लिहिली, ‘प्रकरण बंद’, आणि खाली सही केली. आयुष्यातली पहिलीच.

पुढचे चार दिवस कॉल एकदाही अडकला नाही. सेक्रेटरी जिन्यात भेटले तेव्हा मी त्यांना चांगलंच ऐकवलं. पाचव्या दिवशी कॉल संपल्यावर आई म्हणाली, "आता तो बंद पडना नाय काय रे?"

"नाही!" मी छाती फुगवून म्हणालो. "कायमचा बंदोबस्त केलाय."

तिचा चेहरा उतरला. कौतुकाची वाट बघत मी तसाच उभा. मग ती हळूच म्हणाली, "ती हालता तेव्हा माका दिसणा नाय. नुसता ढवळल्यासारख्या दिसता. बंद पडला की मगे ती थांबायची. मगे मी नाक, डोळे, एकेक करून बघी. कपाळार ता गोंदण असा ना तिच्या, ता पण गावायचा."

मी खुर्चीत बसलो. मला रडू आलं आणि ते तिला दिसणार नाही म्हणून येऊ दिलं. मी चौकशी करत होतो त्या सगळ्या महिन्यांत ती ‘दाबू नको’ म्हणत होती आणि मी दर वेळी धावत जाऊन तिच्यासमोरची बहीण पुसून टाकत होतो. फाइलवर सेक्रेटरींचं मत होतं, बायकोचं होतं. आईला मी विचारलंच नव्हतं. क्षणभर वाटलं, ते एकसष्ट टॅब परत उघडावेत. पण मग मावशी परत उपाशी बसली असती.

मार्ग आईनेच काढला. दुसऱ्या दिवशी मावशी भरात येऊन कोणाच्या तरी फणसाबद्दल बोलत असताना आईने उजव्या हाताचा तळवा पडद्यासमोर उभा धरला. मला काही कळेना. मावशीला बरोबर कळलं. गिरणीत लांबच्या बाईला ‘यंत्र थांबव’ म्हणून सांगायची ती खूण होती. मावशी शब्द अर्धा टाकून गप्प झाली, पदर सारखा केला, हनुवटी उचलली आणि पापणीसुद्धा न हलवता बसून राहिली. आई पुढे सरकली आणि पडद्याच्या एका कोपऱ्यापासून सावकाश बघायला लागली.

आता हे रोज होतं. मध्येच कधीतरी हात वर जातो आणि दोघी थिजतात. जुनी सवय जात नाही. परवा मी आतून आलो, बघतो तर मावशी पडद्यावर चिकटलेली, आवाज नाही, आईही हलत नाही. मी धावत जाऊन बटणाकडे हात नेला.

"दाबू नको," आई मान न वळवता म्हणाली. "बंद पडूक नाय तो. आमी बसलंव."