अजगराला बी नजर लागती

बायांनो, आज घडलं ते लिहितेच.

तीर्थपुरीहून नव्या जालन्यात लेकाकडं आल्ते. नात स्वातीनं परदेशी अजगर पाळलाय, परवाना घेऊन. मनगटाएवढा जाड, बाई! दोन महिने झाले, त्यानं घास घेतला न्हाई. पोरगी रडून रडून अर्धी झाली. सून म्हणली, "आज न्हाई खाल्लं तर उद्या परत देऊन टाक."

दुपारी स्वातीनं मेलेला उंदीर ऊन पाण्यात गरम केला, चिमट्यानं पुढं धरला. सगळे त्याच्या काचेच्या पेटीभोवती टक लावून. अजगरानं तोंड फिरवलं.

मी म्हणलं, "अगं, तुला मी पदराखाली घेऊन चारायची. इतक्या डोळ्यांपुढं कोणाला घास उतरंल?"

"आजी, तो साप हाये!"

"मंग? त्याला बी नजर लागती."

उंदीर आत ठेवायला लावला, पेटीवर माझं घडीचं लुगडं टाकलं, सगळ्यांना बाहेर काढलं. एकटीच बसले. बराच वेळ काहीच न्हाई. मंग आत धप्प झालं! लुगडं जरासं उचललं, तर अजगराच्या तोंडातून उंदराची नुसती शेपटी बाहेर.

स्वाती मला बिलगली. सून दारातूनच म्हणली, "ऱ्हाऊ द्या मंग त्याला."

तुमच्या घरी कोणी जेवत नसंल, तर त्याच्याकडं किती जण बघून राह्यलेत?