फुलं ताजी दिली होती

माझ्या साखरपुड्यात आप्पा स्टेजवर चढले, तेव्हा सगळ्यांना वाटलं, म्हातारा आशीर्वाद द्यायला आला. त्यांनी माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या गळ्यातला हार हातात घेतला, एका फुलाच्या बुडाशी असलेली हिरवी वाटी चिमटीत दाबली, बोटं नाकाशी नेली आणि समोर माइक चालू आहे याची जराही पर्वा न करता म्हणाले, "हार काल ओवलाय. नवरदेव मातूर ताजा दिसतोय."

मांडव खदाखदा हसला. सासरची माणसं हसली नाहीत. हार त्यांनी आणला होता.

ही आप्पांची खोड. लग्न असो, सत्कार असो, कुणाच्या दारातलं तोरण असो, फूल दिसलं की हात गेलाच. देवळात गेले तरी आधी देवाच्या गळ्यातला हार बघणार, मग देव. एका पुढाऱ्याच्या सत्काराला त्यांना मानानं पुढच्या खुर्चीत बसवलं, तर त्यांनी पुढाऱ्याच्या हातातला गुच्छ चाचपून जाहीर केलं, "परवाचा हाय. फ्रीजात ठिवला व्हता." पुढच्या वेळेपासून त्यांना मागच्या खुर्च्या मिळायला लागल्या. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. मागून ओरडायचे.

आप्पा आमचे शेतशेजारी. यवतपासून आत, कालव्याच्या कडेला आमचा बांधाला बांध. आमच्याकडे ऊस आणि कांदा, त्यांच्याकडे फक्त फुलं. झेंडू, शेवंती, अष्टर. त्यांच्या क्रेटवर ऑइलपेंटनं त्यांचं नाव लिहिलेलं असे आणि पुण्याच्या फूलबाजारात तो क्रेट झाकण न उघडता विकला जाई. ही गोष्ट ते पाण्यासारखी कुठंही ओतायचे. पावसावर बोलणं निघालं तरी शेवट तोच. "अडत्या झाकण उघडत न्हाई माझ्या मालाचं. नाव बघतो आन् देतो. ह्याच्यापरीस मोठी डिग्री कंची गं, बीए?"

बीए म्हणजे मी. आमच्या घरातून कॉलेजचं फाटक ओलांडणारी मी पहिली. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. निकाल लागला त्या दिवशी आप्पा बांधावरूनच म्हणाले, "झालीस का बीए? ब्येस झालं. आता एखादं फूल वळखून दाव." तेव्हापासून माझं नाव गेलं ते गेलंच. पुढं मी एम.ए. केलं, शहरातल्या संग्रहालयात नोकरीला लागले, तरी त्यांच्या लेखी मी बीएच. मी कुरकुर केली तर म्हणायचे, "येम्येला हाक मारायला लांब पडतं."

नोकरीचं त्यांना समजावून सांगताना माझा घसा कोरडा पडला होता.

"म्हंजी जुन्या तलवारी पुसतीस व्हय?"

"नाही आप्पा. तो विभाग वेगळा. मी आजच्या कलाकारांची प्रदर्शनं बघते."

"आजची म्हंजी ताजी?"

"हो, ताजीच म्हणा."

"मग ठीक हाय," असं म्हणून त्यांनी माझ्या नोकरीला मंजुरी दिली.

तिथंच माझं डोकं फिरायची सुरुवात झाली असं आता वाटतं. आमच्याकडे ईशा नावाच्या एका कलाकाराचं प्रदर्शन ठरलं. पांढऱ्या भिंतींचं मोठं दालन, आणि मधोमध जमिनीवर झेंडूचा ढीग. खळ्यावर धान्याची रास घालतात तसा. पहिल्या दिवशी तो ताजा असणार, मग महिनाभर लोकांच्या डोळ्यांदेखत सुकत जाणार. ते सुकणं हीच कलाकृती. भिंतीवर फुलं पिकवणाऱ्याचं नाव-गाव, बाकी काही नाही. ईशानं विचारलं, कुणी चांगला शेतकरी आहे का? मी आप्पांचं नाव सांगितलं. दुसऱ्या कुणाचं सांगणार होते?

मी मुद्दाम गावी जाऊन, बांधावर उभी राहून त्यांना समजावलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

"आप्पा, ढीग बदलायचा नाही. तसाच ठेवायचा. सुकू द्यायचा."

"व्हय व्हय. महिनाभर हाय न्हवं?"

"हो, महिनाभर."

"मग तू काळजीच करू नगंस."

उद्घाटनाला आप्पा फेटा बांधून आले. लेक मांडवगणला दिलेली, तिकडून जावई आणि व्याहीही बरोबर. भिंतीवर स्वतःचं पूर्ण नाव आणि खाली गाव, हे वाचून ते व्याह्यांना म्हणाले, "क्रेटवरनं भिंतीवर गेलो की ओ!" मग दोरी ओलांडून ढिगातलं एक फूल दाबून बघितलं. पहारेकरी धावला. मी त्याला हातानंच थांबवलं. आप्पांनी मान डोलावली. फूल पास झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावरून फोन आला. "मॅडम, फुलांचा टेम्पो आलाय. माणूस म्हणतोय, रोजचं आहे."

खाली गेले तर सलीमभाईंचा टेम्पो, आप्पा शेजारी बसलेले, आणि मागं झेंडूचे क्रेट शिगोशीग. यवतचे सलीमभाई वर्षानुवर्षं आप्पांचा माल बाजारात पोचवायचे. त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं, की हे सगळं त्यांना आधीच कळलं होतं, पण सांगून उपयोग नव्हता.

"हे काय आणलंत?"

"महिन्याची ऑर्डर म्हंजी रतीब," आप्पा म्हणाले. "देवळाचा आसतो, हाटेलाचा आसतो. रोज जुना माल उचलायचा, नवा घालायचा. कालचा ढीग कुठं हाय? चल, भरून घिऊ."

"अहो, मी बांधावर काय सांगितलं होतं? सुकू द्यायचा म्हणाले ना?"

"मला वाटलं, तू सावलीत सुकवायचं म्हंतीस. दवाचं पाणी निघाया."

सलीमभाई खाली मान घालून म्हणाले, "मी बोललो व्हतो, मॅडम. हे ऐकत्यात व्हय?"

शेवटी ईशा खाली आली. तिनं शांतपणे समजावलं, की फुलं सुकतात ना, तेच तिला दाखवायचंय. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आवो ताई, सुकायला फुलाला कलाकार कशापायी लागतोय? ते त्याचं ते सुकतंय की." ईशाला हे वाक्य इतकं आवडलं, की ती ते येईल त्याला सांगत सुटली. त्यानं आप्पा आणखी पेटले.

टेम्पो परत गेला, पण आप्पा गेले नाहीत. म्हणजे त्या दिवशी गेले आणि दोन-चार दिवसांनी एस.टी.नं परत आले. मग येतच राहिले. ढिगासमोरच्या बाकावर बसायचे आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "दिली तवा ताजी व्हती हां. सोता तोडलीत, दव पडायच्या येळंला." कॉलेजची मुलं त्यांच्याभोवती जमायची. कुणी विचारायचं, तुम्ही कलाकार का? "न्हाई बाबा. मी तसला न्हाई."

आमच्या साहेबांनी मला बोलावलं. "ते गृहस्थ कोण?"

"शेजारी आहेत, सर."

"कुणाचे?"

"माझे, सर. गावाकडचे." आणि त्यात ईशा आनंदानं म्हणाली, की त्यांना बसू द्या, तेही या कलाकृतीचा भाग झालेत. हे आप्पांच्या कानावर गेलं. ते बाकावरून ताडकन उठले. "का? मलाबी सुकवायचा इचार हाय का?"

वैताग वैताग म्हणतात तो हाच. एका बाजूला ही, एका बाजूला ते, आणि मधे मी बीए.

पण एका दुपारी ते आले आणि बाकावर गप्पच बसले. येणाऱ्याजाणाऱ्याला काही सांगेनात. मी चहा घेऊन गेले. ढीग तोवर तपकिरी पडला होता, कडेला नुसत्या काड्यांसारखा.

"आज झाकण उघडलं त्यानं," ते म्हणाले.

"कुणी?"

"अडत्यानं. हसत हसत उघडलं. म्हनला, आप्पा, मोबाइलवर फोटू बघितला तुमच्या फुलांचा, म्हनून जरा बघून घेतो." त्यांनी चहाचा कप हातातच ठेवला. "व्याही बी फोनवर म्हनत्यात, तुमच्या झेंडूला बुरशी धरली जनू. चहाच्या टपरीवर पोरं इचारत्यात, आप्पा, कोमेजलात का? ते जाऊ दे. पोरं हायत. पर झाकण..."

त्या दिवशी त्यांनी मला एकदाही बीए म्हटलं नाही. मी फोन काढून तो फोटो शोधला. फोटोत सुकलेला ढीग होता आणि वर भिंतीवर त्यांचं नाव. बघणाऱ्यानं दुसरं काय समजायचं?

"नाव काढ माझं," ते म्हणाले.

मी ईशाकडे गेले. ती म्हणाली, "नाव काढलं तर ती नुसती बाजारातली फुलं होतील. मला कुणाची तरी फुलं हवी आहेत." हे मी आप्पांना सांगितलं. "मग कुणाचीबी आसू द्या. माझी नगं." मी पुन्हा ईशाकडे. असं या दालनातून त्या दालनात माझं टेबल टेनिसच्या चेंडूसारखं चाललं होतं. शेवटी माझा संयम सुटला. दोघांना ढिगासमोर उभं केलं आणि संग्रहालयात कुणी बोलत नाही एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "आता दोघंही गप्प बसा. आप्पा, तुम्हाला नक्की काय पाहिजे? एका वाक्यात सांगा. एका!"

आप्पांनी भिंतीवरच्या नावाकडे बोट केलं. मग म्हणाले, "फुलं ताजी दिली व्हती. एवढंच. म्होरं काय झालं ते ह्यांचं ह्यांनी बघावं."

ईशानं ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. मग तिनं विचारलं, "हे नावाखाली लिहिलं तर चालेल?"

चालणार होतं, पण सुखासुखी नाही. अक्षरं लावायला माणूस आला तेव्हा आप्पा शिडीखाली उभे. "माझ्या नावाएवढीच मोठी पायजेत. बारीक नगं, औषधाच्या बाटलीवरच्या सारखं." त्यांनी वीत लावून मोजून घेतली. नावाखाली ओळ आली, "फुलं ताजी दिली होती". त्यांनी त्या ओळीचा फोटो काढून माझ्याच फोनवरून अडत्याला, व्याह्यांना आणि टपरीवरच्या पोरांना पाठवायला लावला. तेव्हा कुठं हुश्श करून बाकावर बसले.

"आता सुकू दे," म्हणाले.

आणि मग ते ढिगाकडे बघत बसले. इतके दिवस ते तिथं येत होते, पण त्यांचं लक्ष भिंतीवर असायचं, नाही तर येणाऱ्या माणसांवर. ढिगाकडे त्यांनी बघितलं ते त्या दिवशी. मग म्हणाले, "बीए, आख्खा जलम फुलं इकली. सकाळी तोडायची, टेम्पोत घालायची, की झालं. म्होरं त्यांचं काय व्हतं, हे बघायला मी हुतोच कुठं?"

मला भरून आलं होतं. तेवढ्यात ते उठले, दोरी ओलांडली, एक वाळकं फूल उचलून चुरगाळलं आणि एका अनोळखी बाईंच्या नाकासमोर धरलं. "घ्या वास. गवतागत येतोय का न्हाई?" पहारेकरी पुन्हा धावला. साहेबांचा पुन्हा फोन. मी भरून आलेलं सगळं गिळलं आणि खाली धावले.

प्रदर्शन संपलं तेव्हा ते सलीमभाईंना घेऊन पोती भरायला आले. म्हणाले, देवाचं असो नाही तर भिंतीचं, निर्माल्य कचरागाडीत जात नाही. मी सहज विचारलं, यातलं बी पेरणार का? "हायब्रीड हाय गं. ह्याचं बी पेरलं तर तुझं डोकं उगवंल." पोती त्यांनी बांधावरच्या आंब्याच्या बुडाशी रिकामी केली. ईशानं त्यांना नमस्कार केला. जाता जाता तिला म्हणाले, "पटलं न्हाई मला, ताई. पर म्होरच्या खेपंला शेवंती न्या. ती बरी सुकती."

आप्पा यंदा गेले. झोपेतच गेले. मी सकाळच्या एस.टी.नं यवतला उतरून पोचले तर अंगणात गर्दी होती. गावची, मांडवगणची, आणि बाजारातला अडत्याही आला होता. तिरडी तयार होती. त्यांच्या अंगावर हायवेवरच्या दुकानातून आणलेला मोठा हार होता. मी पाया पडले, आणि माझा हात आपोआप हाराकडे गेला. एका फुलाची वाटी दाबली. मऊ लागली.

"हार कालचा आहे," मी त्यांच्या मुलाला म्हणाले.

"आसू दे गं ताई आता. ऊन चढतंय, माणसं खोळंबल्यात."

"जरा थांबा."

"ही कंची रीत?" कुणी तरी म्हातारा पुटपुटला. "शिकलेली हाय ती," दुसऱ्यानं खुलासा केला.

सलीमभाईंनी खुंटीवरची फुलांची पाटी काढली आणि माझ्या पुढं चालायला लागले. घरामागंच झेंडूचा प्लॉट. भर उन्हात आम्ही दोघं फुलं तोडत होतो, आणि माझ्या कानात आप्पांचंच चाललं होतं, 'ऊन चढल्यावर फुलाला हात लावायचा न्हाई, कितींदा सांगायचं?' कालचा हार चालत नाही आणि उन्हात तोडायचं नाही. मग मी करायचं काय, आप्पा? मेल्यावरसुद्धा या माणसाचं समाधान करणं माझ्या हातात नव्हतं. मी रडत होते आणि चिडलेही होते, आणि दोन्हींतलं कुठलं थांबवावं हे कळत नव्हतं.

बायकांनी भराभर हार ओवला. जुना काढला, नवा घातला. खांदेकरी वाकले. अडत्या माझ्या समोरच उभा होता, टोपी हातात घेऊन.

मी डोळे पुसले आणि अंगणाच्या पार कडेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "फुलं घरची हायत. आत्ता तोडलीत."